एका आकड्यावर टांगलेली शहरं

२०११ च्या जनगणनेत पणजी शहराची लोकसंख्या ४०,०१७ भरली आणि इचलकरंजीची सुमारे २ लाख ८७ हजार. पणजीत तेव्हा महानगरपालिका होती, कारण गोवा विधानसभेने २००२ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केलेला होता. यंत्रमागांवर उभी असलेली इचलकरंजी मात्र नगरपालिकाच होती. तिची महानगरपालिका झाली ती २०२२ मध्ये. गोव्यातच पाहिलं तर मडगाव पणजीच्या दुपटीहून मोठं, पण मडगावला नगरपालिकाच आहे. महाराष्ट्रात माथेरानची लोकसंख्या पाच हजारांच्याही आत असून तिथे नगरपरिषद आहे. आणि ज्या हिंजवडीत रोज हजारो संगणक अभियंते कामाला येतात, तिचा कारभार ग्रामपंचायतीकडे आहे.

लहान शहराला कोणता दर्जा द्यायचा, आणि तो ठरवताना त्याची लोकसंख्या कशी व केव्हाची मोजायची, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. पण गावात पाण्याची टाकी किती लिटरची बांधायची, अग्निशमनाची गाडी मिळणार की नाही, घरपट्टी कोणत्या नियमाने आकारायची, रस्त्याच्या दिव्याचं बिल कोण भरणार, हे सगळं त्याच एका उत्तरावर ठरतं. महाराष्ट्रातले जवळपास निम्मे लोक शहरांत राहतात. २०११ मध्येच हे प्रमाण ४५ टक्क्यांवर गेलं होतं. मुंबई, पुणे, नागपूर यांच्याबद्दल भरपूर लिहिलं जातं. दहा हजार ते दीड-दोन लाख वस्तीची जी गावं आहेत, ज्यांना आपण सवयीने ‘तालुक्याचं गाव’ म्हणतो, त्यांच्या दर्जाबद्दल मात्र निवडणूक आली की तेवढ्यापुरतं बोललं जातं.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. १९९२ मध्ये झालेली आणि १ जून १९९३ पासून लागू झालेली ७४ वी घटनादुरुस्ती तीन प्रकारच्या नागरी संस्था सांगते. गावाचं शहर होण्याच्या वाटेवर असलेल्या भागासाठी नगरपंचायत, लहान शहरासाठी नगरपरिषद (जिला आपण नगरपालिकाही म्हणतो), मोठ्या शहरासाठी महानगरपालिका. कोणतं गाव कशात बसवायचं हे राज्यपालांनी, म्हणजे प्रत्यक्षात राज्य शासनाने ठरवायचं. ते ठरवताना लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक उत्पन्न, शेतीबाहेरच्या रोजगाराचं प्रमाण आणि आर्थिक महत्त्व बघायचं. लोकसंख्या म्हणजे काय, याचीही व्याख्या घटनेत आहे: ज्या शेवटच्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले, तिच्यातली लोकसंख्या.

महाराष्ट्राने यासाठी आपला १९६५ चा नगरपरिषद अधिनियम बदलून घेतला. त्यानुसार दहा ते पंचवीस हजार वस्तीच्या गावाला नगरपंचायत करता येते. मोठ्या शहराच्या जवळ असेल तर शेतीबाहेरच्या रोजगाराची अट सौम्य आहे, पंचवीस किलोमीटरच्या पलीकडे असेल तर कडक. पंचवीस हजारांच्या पुढे नगरपरिषद. तिचे तीन वर्ग: चाळीस हजारांपर्यंत ‘क’, एक लाखापर्यंत ‘ब’ आणि त्यावर ‘अ’. महानगरपालिकेसाठी सर्वसाधारणपणे तीन लाखांचा निकष धरला जातो. या वर्गावर नगरसेवकांची संख्या ठरते, मुख्याधिकारी कोणत्या श्रेणीचा येणार ते ठरतं, आणि कर्मचाऱ्यांचा आकृतिबंध म्हणजे किती पदं मंजूर तेही ठरतं.

जनगणना खात्याचं मोजमाप याहून वेगळं आहे. त्याच्या लेखी राज्याने ज्यांना नागरी दर्जा दिला ती शहरं आहेतच. शिवाय ज्या गावात किमान पाच हजार लोक राहतात, दर चौरस किलोमीटरला किमान चारशेची घनता आहे आणि मुख्यतः काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर काम करतात, तेही शहर. याला जनगणना नगर म्हणतात. २०११ मध्ये देशात अशी ३,८९४ जनगणना नगरं निघाली. त्याच्या दहा वर्षं आधी ती १,३६२ होती. देशाच्या शहरीकरणात त्या दशकात जी वाढ दिसली, तिचा मोठा वाटा या नव्याने शहर ठरलेल्या गावांचा होता. गंमत म्हणून नव्हे, तर गांभीर्याने लक्षात घ्यायची गोष्ट ही की यातल्या बहुतेक ठिकाणी कारभार ग्रामपंचायतीचाच राहिला. केंद्राच्या तक्त्यात ते शहर, राज्याच्या तक्त्यात ते खेडं. गोव्यात तर हे फार ठळक आहे. २०११ मध्ये ६२ टक्के लोक शहरी असलेलं, देशातलं सर्वांत शहरी राज्य ते. पण कळंगुट, कांदोळी, ताळगाव ही जनगणनेची शहरं आपापल्या पंचायतींच्या हाती आहेत. केरळात हाच प्रकार आणखी मोठ्या प्रमाणावर झाला. केंद्राने २०१६ मध्ये राज्यांना पत्रं लिहून अशा नगरांना नागरी दर्जा देण्याची विनंती केली. राज्यांनी त्यावर फार हालचाल केली नाही, आणि त्यालाही कारणं आहेत.

या निकषातली एक उणीव मला नेहमी खटकते. फक्त पुरुषांचंच काम का मोजायचं? बाया शेतात राबतात आणि पुरुष कारखान्यात जातात, अशी गावं पश्चिम महाराष्ट्रात कितीतरी आहेत. तिथे बायांचं शेतातलं काम मोजलं तर गाव खेडं ठरेल, आणि नाही मोजलं तर शहर. उलट जिथे बाया घरी विड्या वळतात किंवा सूत काढतात, तिथलं शेतीबाहेरचं काम या हिशेबात येतच नाही. ज्या मोजमापावर गावाची ओळख ठरते, त्यात निम्मं गाव धरलेलं नाही.

आता दर्जा कोणाला हवा असतो आणि कोणाला नको असतो, ते पाहू. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची ग्रामपंचायत कित्येक वर्षं राज्यातल्या मोठ्या ग्रामपंचायतींपैकी एक होती. बाजारपेठ, दवाखाने, कॉलेजं, साखर कारखान्याचा परिसर, सगळं शहराचं, कारभार सरपंचाचा. २०२१ मध्ये अकलूज आणि नातेपुते इथल्या लोकांनी नागरी दर्जासाठी साखळी उपोषण केलं, आणि त्याच वर्षी अकलूजला नगरपरिषद व नातेपुत्याला नगरपंचायत मिळाली. चाकणचंही तेच. २०११ मध्ये ४१ हजार वस्ती मोजली गेलेल्या या गावाला नगरपरिषद मिळाली ती २०१५ मध्ये, म्हणजे मोटारींचे कारखाने येऊन, रस्ते कोंडून आणि भाड्याच्या खोल्यांच्या चाळी उठून झाल्यावर.

याच्या उलट चित्र पुण्याच्या पूर्वेला दिसलं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत गेली. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं याच गावांच्या हद्दीत येत होता. महापालिकेत गेल्यावर मिळकतकर वाढला, पाणी त्या मानाने वाढलं नाही, आणि लोकांनी बाहेर पडण्याची मागणी केली. २०२४ मध्ये या दोन गावांची मिळून स्वतंत्र नगरपरिषद झाली. कल्याणच्या सत्तावीस गावांची कहाणी याहून लांब आहे. ती १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये परत आली, २०२० मध्ये त्यातली अठरा पुन्हा वगळली गेली आणि तो निर्णय न्यायालयात टिकला नाही. चाळीस वर्षांत तिथल्या माणसाने एकाच घरात राहून किती कार्यालयांत घरपट्टी भरली असेल, याचा विचार करावा. इतक्या वेळा मालक बदलल्यावर गटार कोणी बांधायचं?

दर्जा नको म्हणणाऱ्यांना आपण चटकन मागासलेले ठरवतो. ते बरोबर नाही. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की घरपट्टीचे नियम बदलतात, चार वर्षांनी फेरआकारणी येते, विकास आराखडा येतो आणि त्या आराखड्यात एखाद्याच्या पाऊण एकर शेतावर बगिच्याचं किंवा रस्त्याचं आरक्षण पडतं. मोबदला मिळायला वर्षं जातात. केंद्राची ग्रामीण रोजगार हमी, ग्रामीण घरकुल, ग्रामीण नळपाणी या योजनांचा दरवाजा बंद होतो आणि शहरी योजनांच्या रांगेत शेवटी उभं राहावं लागतं. जुन्या ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांपैकी सगळ्यांचं समावेशन होत नाही. झेडपीचा आणि पंचायत समितीचा सदस्य जातो. तामिळनाडूने २००४ मध्ये पाचशेहून जास्त नगरपंचायतींना ‘विशेष ग्रामपंचायत’ करून टाकलं होतं, कारण ग्रामीण योजनांचा पैसा मिळावा. दोन वर्षांनी ते सगळं परत फिरवलं. एक राज्य शासनच असा हिशेब करत असेल, तर गावातल्या माणसाने केला तर त्यात काय चूक?

पैशांपेक्षाही मला मोठा वाटणारा तोटा दुसराच आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. ग्रामपंचायतीत ग्रामसभा असते. ती नीट भरत नाही, कोरम होत नाही, तहकूब होते, हे सगळं खरं. तरीही सामान्य माणसाला उभं राहून सरपंचाला हिशेब विचारायचा कायदेशीर हक्क तिथे आहे. नगरपंचायत झाली की ती सभा संपते. घटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाखांवरच्या शहरांसाठी. क्षेत्रसभेची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात पुढे आली, पण लहान शहरांत ती भरल्याचं कुणी सांगत नाही. म्हणजे खेड्यातल्या माणसाला सभा आहे, महानगरातल्या माणसाला निदान कागदावर समिती आहे, आणि मधल्या शहरातल्या माणसाला प्रत्यक्षात यातलं काहीच नाही. त्याला नगरसेवकाच्या घरी जाऊन बसावं लागतं.

आदिवासी भागात हा तोटा आणखी खोल आहे. अनुसूचित क्षेत्राला घटनेतला नागरी संस्थांचा भाग संसदेने वेगळा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. त्यासाठीचं विधेयक २००१ मध्ये मांडलं गेलं, पण कायदा झाला नाही. तरीही नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा आणि पेठला, नंदुरबारच्या धडगावला नगरपंचायती आहेत. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जमीन, वनोपज, पाणी यांवर जे अधिकार दिले, ते नगरपंचायतीच्या हद्दीत कोणाकडे गेले, हे तिथल्या आदिवासी माणसाला स्पष्ट सांगणारं कोणी नाही. हा प्रश्न शासनाने आणि न्यायालयाने लवकर धसाला लावला पाहिजे.

२०१४ पासून राज्याने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायती सरसकट नगरपंचायती करण्याचं धोरण घेतलं. हेतू चांगला होता. तहसील कचेरी, न्यायालय, आगार, ग्रामीण रुग्णालय असलेल्या गावाला ग्रामपंचायत पुरत नाही, हे खरंच आहे. पण कोकणातलं मंडणगड, तळा, पोलादपूर अशी दहा हजारांच्या आतली गावंही त्यात आली. अशा ठिकाणी सतरा नगरसेवक निवडले जातात. एकेका प्रभागात काहीशे मतदार, त्यातही चाळीस-पन्नास मतांनी निकाल. लोकप्रतिनिधी जवळ असणं चांगलं. पण घरपट्टीतून जमणारी रक्कम इतकी तुटपुंजी की दिवाबत्ती आणि सफाई कामगारांचा पगार यापलीकडे स्वतःच्या बळावर काही करता येत नाही. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली तेव्हापासून लहान शहराचा हात कायम पसरलेला आहे. जकातीत जाच होता, भ्रष्टाचार होता, तरी ते शहराचं स्वतःचं उत्पन्न होतं. बाजार वाढला की ते वाढत होतं. तिच्या जागी आलेलं सहायक अनुदान मंत्रालयातून येतं, आणि त्यातून पगार भागवले की बहुतेक नगरपालिकांच्या हाती फारसं उरत नाही.

आता आकड्याकडे येऊ, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे.

पंढरपूरची लोकसंख्या २०११ मध्ये ९८,९२३ होती. एक लाखाला हजारभर कमी. त्यामुळे कायद्याच्या व्याख्येने ते ‘ब’ वर्गात बसतं. जिथे-जिथे एखाद्या योजनेचा उंबरठा एक लाख असतो, तिथे-तिथे हा हजाराचा फरक आडवा येतो. आणि त्याच गावात आषाढीला किती माणसं येतात? दहा लाखांच्या खाली कोणी बोलत नाही. कार्तिकीला, माघीला, चैत्रीला येतात ती वेगळी, आणि आता तर बारा महिने दर्शनाची रांग असते. जनगणनेत माणूस मोजला जातो तो जिथे तो नेहमी राहतो तिथे. वारकरी आपल्या गावी मोजला जातो, हे योग्यच आहे. पण त्याचं पाणी, त्याचा कचरा, त्याचा संडास आणि त्याच्या आजारपणाचं औषध पंढरपुरात लागतं. चंद्रभागेच्या वाळवंटातली घाण आणि ती हाताने उपसणारे सफाई कामगार हा विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाला वाळवंटातल्या तंबूंवर निर्बंध घालावे लागले. नंतर पासष्ट एकरांवर दिंड्यांची सोय झाली, फिरती शौचालयं आली, शासन यात्रेसाठी वेगळं अनुदान देऊ लागलं. ही सुधारणा खरी आहे आणि तिचं श्रेय द्यायला हवं. पण ती दरवर्षीच्या आदेशावर चालते. पंढरपूरच्या नगरपरिषदेचा कायमचा आकृतिबंध, तिच्या गटारांचं आणि पाणीयोजनेचं माप आजही मुख्यतः रहिवाशांच्या आकड्यावर बेतलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे: शहराचा दर्जा नुसत्या तिथे राहणाऱ्या डोक्यांवर ठरवू नये, त्या शहराला किती माणसांचा भार वाहावा लागतो तेही त्यात धरावं.

हे अशक्य नाही, कारण कायद्याने हे एका प्रकारे आधीच मान्य केलेलं आहे. माथेरान, पन्हाळा, पाचगणी, महाबळेश्वर यांच्या नगरपरिषदांच्या नावातच ‘गिरिस्थान’ आहे. महाबळेश्वरची लोकसंख्या तेरा-चौदा हजार, पन्हाळ्याची जेमतेम तीन हजार. नुसती डोकी मोजली असती तर महाबळेश्वर फार तर नगरपंचायत झालं असतं आणि पन्हाळा ग्रामपंचायत. तिथे पर्यटक येतात म्हणून तो दर्जा टिकला, आणि पर्यटकाकडून प्रवासी कर घ्यायची सोयही झाली. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर तो भरूनच माणूस पुढे जातो. डोंगरावर हवा खायला येणाऱ्याचा भार मोजता येतो, तर देवाला येणाऱ्याचा आणि कामाला येणाऱ्याचा का मोजता येऊ नये? वारकऱ्याकडून कर घ्यावा असं मी मुळीच म्हणत नाही. त्याचा भार राज्याने उचलावा आणि तो कायद्यात लिहून उचलावा. कारखान्यांच्या गावाबद्दल मात्र माझं मत उलट आहे. चाकण, हिंजवडी यांच्यासारख्या ठिकाणी येणाऱ्या कामगाराचा भार त्या उद्योगांनी आणि औद्योगिक महामंडळाने स्थानिक संस्थेला रीतसर भरून दिला पाहिजे. १९६५ च्या अधिनियमाच्या नावातच औद्योगिक नगरीचा उल्लेख आहे. ती वाट इतक्या वर्षांत फारशी चालली गेलेली नाही.

आकड्याचा दुसरा दोष म्हणजे तो शिळा आहे. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे पुढे गेली आणि पुढे जातच राहिली. घटनेने ‘शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेची’ अट घातली ती दर दहा वर्षांनी जनगणना होईल हे गृहीत धरून. आज २०११ चा आकडा पंधरा वर्षांचा झाला आहे. २०११ मध्ये जन्मलेलं मूल दहावीला बसलं आणि तोवर त्याच्या शहराला मिळणारं वित्त आयोगाचं अनुदान त्याच्या जन्मवर्षाच्या लोकसंख्येवरच वाटलं गेलं. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांचं अनुदान राज्याराज्यांत वाटताना ९० टक्के भार लोकसंख्येला आणि १० टक्के क्षेत्रफळाला दिला होता. लोकसंख्या अर्थातच २०११ ची. जी शहरं या काळात दुप्पट झाली आणि जी आहे तिथेच राहिली किंवा घटली, त्या दोघांना एकाच जुन्या मापाने वाटा मिळाला. माथेरानसारखी वस्ती २००१ ते २०११ मध्ये कमी झाली होती; चाकणसारखी वेगाने वाढत होती. हा अन्याय दोन्ही बाजूंनी होतो.

शासनालाही हा शिळा आकडा अडचणीचा वाटतो, पण सोयीनुसार. इचलकरंजीची २०२२ मध्ये आणि जालन्याची २०२३ मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हा दोघांचाही २०११ चा आकडा तीन लाखांच्या खाली होता. मधल्या काळात वाढ झालीच असणार हे धरून निर्णय झाला, आणि तो चुकीचा होता असं मला वाटत नाही. प्रश्न असा की हीच समज पंढरपूरच्या हजारभर माणसांबद्दल का दाखवली जात नाही? वाढ धरायची तर सगळ्यांचीच धरावी, आणि तिचा हिशेब कसा केला हे जाहीर करावं. २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली तेव्हा खारघर, कळंबोली, नवीन पनवेल अशा सिडकोच्या वसाहती आणि आजूबाजूची गावं जोडून तीन लाखांचा उंबरठा ओलांडला गेला. तो मार्ग निदान डोळ्यांना दिसणारा होता. साताऱ्याने २०२० मध्ये शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर हद्दीत घेतलं, त्याआधी अनेक वर्षं लोक शहरातच राहत होते आणि मोजले मात्र शहराबाहेर जात होते.

दर्जा मिळाला म्हणजे सगळं मिळालं, असंही नाही. लातूरची महानगरपालिका २०११ मध्ये झाली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांनी लातूरला पाणी न्यावं लागलं. पाच वर्षांत पाटी बदलली होती, धरण तेच होतं. इचलकरंजीचं पाणी महापालिका झाल्यावरही वादात अडकलेलं राहिलं. नव्या महापालिका वस्तू व सेवा कराच्या भरपाईसाठी शासनाच्या मागे लागल्या, कारण नगरपालिका असतानाचं अनुदान एका हाताने गेलं आणि दुसऱ्या हाताने वेळेवर आलं नाही. दर्जा वाढवण्याचा आदेश काढताना त्याच आदेशात पदं आणि पैसा किती, कधी, कुठून, हे लिहिलेलं असलं पाहिजे. तसं नसेल तर तो आदेश काढू नये. या बाबतीत मला मधली वाट मान्य नाही.

लोकप्रतिनिधींचं म्हणाल तर २०२५ च्या डिसेंबरमध्ये राज्यातल्या अडीचशेच्या आसपास नगरपरिषदा आणि चाळीसच्या वर नगरपंचायतींसाठी मतदान झालं. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात असल्यामुळे यांतल्या बहुतेक ठिकाणी त्याआधी तीन-चार वर्षं प्रशासक होता. गावाने दर्जासाठी उपोषण करायचं, दर्जा मिळाल्यावर निवडून दिलेला माणूसच नसायचा, अशी अवस्था अकलूजसारख्या ठिकाणी कित्येक वर्षं राहिली. आता नगराध्यक्ष आणि नगरसेवक आले आहेत. त्यांच्या पहिल्या कामांमध्ये आपल्या शहराचा खरा भार मोजून शासनापुढे ठेवणं हे काम असलं पाहिजे: रोज येणारी माणसं, भाड्याने राहणारी कुटुंबं, आठवडी बाजाराची गर्दी, यात्रेची गर्दी, हद्दीलगतच्या वस्त्या. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. घरपट्टीच्या नोंदी, नळजोड, वीजजोड, शाळांची पटसंख्या, कचऱ्याचं रोजचं वजन हे सगळं नगरपालिकेत किंवा शेजारच्या कचेरीत पडलेलं आहे.

आणि यावेळी हे वेळेवर करता येईल. देशाची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाने होणार आहे. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळातला आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मधली. गावांच्या आणि शहरांच्या हद्दी २०२५ संपताना गोठवल्या आहेत, त्यामुळे ज्यांची हद्दवाढ किंवा दर्जावाढ अडकली ती गावं यावेळीही जुन्याच नावाखाली मोजली जातील. म्हणून आकडे हाती आल्यावर वर्षभराच्या आत राज्याने सगळ्या लहान शहरांचं नव्याने वर्गीकरण करायला हवं, एकेका आमदाराच्या आग्रहाने नव्हे, तर एकदाच, जाहीर निकषांनी, आणि हरकती-सूचना घेऊन. त्यात ग्रामसभेच्या जागी प्रभागसभा सक्तीची करावी, आणि यात्रेच्या, पर्यटनाच्या व कारखान्यांच्या शहरांसाठी येणाऱ्या-जाणाऱ्यांचा भार कायद्याने धरावा.

वाचकांपैकी जे नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा कारखान्यातल्या कामासाठी चाकणला, इचलकरंजीला, बारामतीला, पनवेलला खोली घेऊन राहतात, त्यांना एक विनंती. प्रगणक दारात आला की मूळ गावाचं प्रेम बाजूला ठेवा आणि जिथे वर्षातले बहुतेक दिवस राहता, पाणी भरता आणि रस्ता वापरता, तिथे स्वतःची आणि घरच्यांची नोंद करून घ्या. घरातल्या बाया काय काम करतात तेही नीट सांगा. पुढची दहा वर्षं तुमच्या शहराचा हिशेब त्याच नोंदीवर चालणार आहे.